पिवळी रेघ

कपडे भिजवायच्या आधी मी खिसे तपासते. त्या सकाळी नवऱ्याच्या कामाच्या पँटमधून बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा निघाला.

मी फिटरची मुलगी आणि फिटरचीच बायको. ही चावी आहे, हे मला कुणी सांगायला नको. कुलपाची नव्हे, शाफ्टची, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याची. ती अर्धी शाफ्टच्या खाचेत आणि अर्धी पुलीच्या खाचेत बसते, तेव्हा कुठे दोघं बरोबर फिरतात. वरून लॉकनट आवळतात, तो पुली बाहेर सरकू देत नाही. चावी घालायची राहिली, तर नुसत्या नटाच्या पकडीवर यंत्र थोडे दिवस साळसूदपणे फिरतं आणि मग दगा देतं.

तसा दगा गेल्याच आठवड्यात एका बेकरीच्या कणीक मळायच्या यंत्राने दिला होता. शाफ्ट खरवडला, घाणाभर कणीक वाया गेली. उघडून बघितलं तर खाच रिकामी, आणि नटावर पिवळी रेघ.

बाबा आमच्याकडेच राहतात; ते आणि माझा नवरा ज्या वर्कशॉपमध्ये आहेत, तिथूनच ते यंत्र दुरुस्त होऊन गेलं होतं. तिथली पद्धत अशी, की नट आवळणाऱ्याने नटावरून शाफ्टपर्यंत रंगाची रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. प्रत्येकाचा रंग ठरलेला. बाबांचा पिवळा, याचा पांढरा. दुसऱ्याच्या डबीत ब्रश बुडवायचा नाही.

बाबांना ती पुली बसवल्याचं आठवेना. तरी सगळ्यांसमोर म्हणाले, "रेघ माझी, म्हणजे चूक माझी. डोळे गेले आता." मालक नको नको म्हणत असताना काम सोडतो असं सांगून आले. त्यांच्यानंतर मुख्य फिटर कोण होणार? माझाच नवरा.

आणि मी तरी काय दिवे लावले! त्याच संध्याकाळी बाबा इस्त्रीचा प्लग बसवायला घेत होते. मी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. "राहू द्या बाबा, तुम्हाला दिसायचं नाही." आणि दिला कुणाला, तर या महाशयांना! त्यांनीही तोंडात मिठाची गुळणी धरून प्लग बसवला.

खोटं कशाला बोलू, चावी हातात घेऊन मी मोरीच्या जाळीकडे बघत उभी राहिले. टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. असा विचार आपल्या मनात आला याची इतकी लाज वाटली, की ओल्या हाताने तशीच स्वयंपाकघरात गेले आणि चावी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

त्याचा चेहरा पडला. "माझा रंग वाळला होता," तो हळूच म्हणाला. "एकदाच त्यांच्या डबीतला घेतला. चावी खिशात लागली, तोवर बाबा बोलून बसले होते."

"मग तुझं तोंड कुणी शिवलं होतं? ते रोज खिडकीशी उभे राहून एक डोळा झाकून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतात. वाचता येतात, तरी त्यांचा विश्वास बसत नाही. बघितलंस ना?"

"बघितलं." त्याने मान खाली घातली. "रोज बघतोय."

तो उठला आणि चावी घेऊन बाबांच्या खोलीत गेला. मी दारात थांबले. त्याने सगळं सांगितलं, आधी चाचरत, मग भडाभडा. "आज मालकालाही सांगतो," म्हणाला. आता बाबांचा आवाज चढणार, म्हणून मी पदर आवळून उभी होते. चढला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी चावीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे ती पुली मी बसवलीच नव्हती?"

"नाही, बाबा."

"अगं, ऐकलंस का? मला दिसतंय!" ते मला म्हणाले. "चांगलं दिसतंय मला!"

जावयावर रागवायचंही त्यांना सुचलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून रडत होता, आणि बाबा बाह्या सरसावत होते.

"तो इस्त्रीचा प्लग आण बघू," ते हसत म्हणाले. "जावईबापूंनी बसवलाय ना, एकदा तपासलेला बरा."

मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांच्याकडे बघायचं धाडस मात्र माझं झालं नाही.