सातव्या आठवड्यातला आवाज

मानेला आधार देणाऱ्या कॉलरचे पट्टे सोडण्याआधी शेवंतानं नवऱ्याची हनुवटी डाव्या तळहातावर तोलून धरली. मग उजव्या हातानं कॉलरचा पुढचा भाग अलगद काढला. दाढी होईपर्यंत ती मान तिच्या हातात होती.

"हलू नका. बोलूही नका."

शालिग्राम खुर्चीत ताठ बसला होता. गळ्याच्या उजव्या बाजूला ऑपरेशनचा आडवा व्रण होता. मानेचे मणके आतल्या नसा दाबत होते; हातातून पेला निसटायचा, चालताना पाय अडखळायचे. गळ्याकडून वाट काढून डॉक्टरांनी तो दाब काढला. हातापायांत जोर परतू लागला, पण आवाज बसला तो बसलाच. दोन-तीन महिन्यांत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर तीस वर्षं चढलेला तो आवाज. अधारताल वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत तो चढला, की शेजारी खिडक्या लावून घेत. आता कुजबुजीएवढाच उरला होता.

ती कुजबुज ऐकायला शेवंताला जवळ बसावं लागे. या सात आठवड्यांत ती जितकी त्याच्याजवळ बसली, तितकी उभ्या संसारात बसली नव्हती.

रेझर व्रणापाशी आलं. पातं किंचित घसरलं. रक्ताचा एक ठिपका उमटला.

"काहून घाई करून राहिली? डोळे फुटले का?"

आवाज भिंतीवर आदळला. तोच, पूर्ण, जुना. आणि त्यासोबत त्याचा उजवा हातही खुर्चीवरून उठला होता.

शेवंताचं कोपर आपसूक तोंडापुढे आलं. डोळे मिटले. पण हनुवटीखालचा तळहात मात्र तिनं हलू दिला नाही.

शालिग्रामला मान वळवता येत नव्हती. समोर तिचं कोपर होतं. तो ते बघत राहिला. मग उठलेला हात सावकाश मांडीवर गेला.

तिनं रक्त पुसलं, उरलेली दाढी केली, कॉलर बांधली.

दुपारी ऑटोनं ते दवाखान्यात गेले. खड्डा आला, की शेवंता त्याच्या मानेमागे हात धरायची.

"अंकल, मेरी उंगलियां दबाइए," तरुण डॉक्टर म्हणाले.

शालिग्रामनं दाबली.

"अरे वा! हाथ में तो पूरी ताकत आ गई. और आवाज? खुली क्या?"

शेवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. घट्ट, आणखी घट्ट.

शालिग्राम कुजबुजला. ऐकायला डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं.

"अभी नहीं, साहब."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी शेवंताकडे पाहिलं.

"घर में भी नहीं बोलते, माताजी?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मांडीवरच्या आपल्या हाताकडे नजर लावून बसला होता. बोटाभोवतीचा पदर तिनं सोडला.

"बोलते हैं जी," ती म्हणाली. "धीरे बोलते हैं."