नळ्या धुतल्या : होय

"तू अजून बॉयलर बघितलाच नाहीस," क्लिफर्ड ऑर्मरॉड म्हणाला.

समोरच्या खुर्चीतल्या, बॉयलर विकायला आलेल्या डेमियननं मांडीवरच्या टॅबलेटवरून बोट उचललं नाही. चकचकीत बूट, गळ्यात कंपनीची पट्टी, तोंडभर हसू. "गरजच नाही सर. तीन खोल्या, एक बाथरूम, सात रेडिएटर. हे बघा, आलंच मॉडेल. आणि आज संध्याकाळपर्यंत सही केलीत तर..."

"तर काय? उद्या नासतो का तो? दूध आहे?"

डेमियन 'साहेबांशी बोलून बघतो' म्हणाला आणि फोन कानाला लावून खास सवलतीसाठी गयावया करू लागला. क्लिफर्डनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या साहेबाचा आवाज कसा येत नाही रे? मी अजून बहिरा झालेलो नाही."

पाच मिनिटांत डेमियन दाराबाहेर होता. चहा अर्धा तसाच.

इंग्लंडमधल्या बर्नलीतल्या त्या दगडी घरांच्या रांगेत जानेवारीनं ठाण मांडलं होतं आणि ऑर्मरॉडांचा, रेडिएटरांमधून गरम पाणी फिरवून सगळं घर तापवणारा बॉयलर मरून आठ दिवस झाले होते. पाणी तापवणारा आतला मुख्य भागच फुटला होता, आणि तो भाग आता कुणी बनवत नव्हतं. क्लिफर्डची बायको नोरीन पुढच्या खोलीत विजेच्या एका हीटरसमोर कोट घालून बसायची. तिची छाती आधीच नाजूक. खोली गार पडू देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलेलं. श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजायची, ती स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई.

आणि क्लिफर्डनं अडतीस वर्षं याच गावात बॉयलर बसवले होते! सत्तरीला परवाना सुटला. आता स्वतःच्या घरातल्या गॅसच्या नळीला पाना लावला तरी तो गुन्हा. पण येणाऱ्यांना तो हे सांगायचा नाही. काही कळत नसल्यासारखा भोळा चेहरा करून बसायचा आणि सापळे लावायचा.

दुसरा आला ली हॉवर्थ. स्वतःची व्हॅन, हातावर गोंदवलेलं कुत्रं. यानं निदान बॉयलरचं झाकण तरी ठोठावलं. "डोळे मिटून हाच घ्या, बॉस. दहा वर्षांची गॅरंटी. माझ्या आईच्या घरी पण हाच बसवलाय."

क्लिफर्डच्या कपाळावरची शीर तटतटली. हे वाक्य त्याचं होतं. 'माझ्या आईच्या घरी पण हाच आहे,' असं तो स्वतः शेकडो बायांना सांगत आला होता, आणि त्याची आई मरेपर्यंत कोळशाच्या शेगडीपुढे बसून होती.

"तुझी आई राहते कुठे?"

"का बरं?"

"जाऊन हात शेकून येतो म्हटलं."

लीसुद्धा गेला. क्लिफर्डनं त्यानं दिलेल्या दराच्या कागदाचा बोळा केला. "कंपनी यांना पॉइंट देते. अमुक इतके बसवले की स्पेनची सहल. याला आपल्या पैशानं उघडं होऊन उन्हात पडायचंय."

"पडू दे की," नोरीन कोटाच्या कॉलरमधून म्हणाली. "मला बाथरूममधे उघडं व्हायची सोय नाही आठ दिवस."

"चोर आहेत सगळे."

"चाळीस वर्षं तू लोकांच्या घरात शिरलास, क्लिफ. त्यांनी तुला आत घेतलंच ना?"

तो इंटरनेटवर लोकांनी लिहिलेली मतं वाचत बसला. पाच तारे दिसले की म्हणायचा, याच्या मेव्हण्यानं लिहिलंय. एक तारा दिसला की म्हणायचा, समोरच्या दुकानदारानं लिहिलंय. अशानं बारावा दिवस उजाडला. नोरीनला पहाटे खोकल्याची अशी उबळ आली की ती पलंगाची कड धरून उभी राहिली. नाश्त्याच्या आधीच तिनं फोन उचलला आणि बिंगोतल्या मैत्रिणीकडून एक नंबर घेतला. नवऱ्याला विचारलं नाही.

दुपारी ट्रेसी ब्रेसवेल आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, एक गुडघा धरूनच चालणारी.

"तू बसवणार?" क्लिफर्डनं तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"नाही, मी नाचणारे. बाजूला हो, राजा."

तिच्या लेखी सगळेच राजा होते. चहा तिनं आधी नाकारला. क्लिफर्डला तेही खटकलं. चहा नको म्हणणारा माणूस घाईत असतो, आणि घाईतला माणूस काहीतरी लपवतो. पण बॉयलरकडे जायचं सोडून ती खोल्याखोल्यांतून फिरली, सगळे रेडिएटर चाचपले, त्यांच्या कडा बोटानं पुसून बघितल्या. मग काचेचा एक ग्लास मागितला, मागच्या खोलीतल्या रेडिएटरची चावी सैल केली आणि ग्लास भरून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला.

पाणी शाईसारखं काळं होतं. ट्रेसीनं ग्लासाला बाहेरून लोहचुंबक लावलं. आतला काळा गाळ काचेला येऊन चिकटला.

"हा तुझ्या बॉयलरचा खुनी," ती म्हणाली. "रेडिएटर आतून गंजतात, तो गंज तळाशी साचून त्यांना खालून गार पाडतो, उरलेला फिरत राहतो. नवा बॉयलर कुठलाही आण, सोन्याचा आण, या पाण्यात तो दोन वर्षांत मरेल. आधी नळ्या धुवायच्या. एक अख्खा दिवस जाईल. ते नको असेल तर मी बसवत नाही, दुसरा बघ."

"आणि त्या दिवसाचे पैसे?"

"घेणार. माझा गुडघा फुकट वाकत नाही."

धुवायचं म्हणजे पैसे उकळायचा धंदा, असं क्लिफर्डच्या ओठांवर आलं होतं. पण ग्लास समोर होता.

"कुणी बसवला होता हा?" ट्रेसीनं विचारलं. "नळ्या न धुता बसवलाय, उघड आहे."

"असेल कुणी चोर," क्लिफर्ड म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या नोरीननं त्याच्याकडे पाहिलं.

ट्रेसीनं बॉयलरचं खालचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तिका होती. बॉयलर बसवणारा तिच्यात शेवटच्या पानावर तक्ता भरतो आणि सही करतो. तशी पद्धतच आहे. ट्रेसीनं ते पान उघडलं. गॅसचा दाब. पाण्याचा दाब. नळ्या धुतल्या : होय. खाली ठसठशीत, देखणी सही, सी. ऑर्मरॉड. तारीख सोळा वर्षांपूर्वीची.

तिनं पुस्तिका मिटली, परत पिशवीत सरकवली. "तेव्हा ते गाळ धरणारे फिल्टर नव्हतेच कुणाकडे," ती खाली बघून पुटपुटली.

"दया दाखवू नकोस!" क्लिफर्ड एकदम ओरडला. "फिल्टर नसेल, नळी होती ना? पाणी होतं ना? तेव्हाही एक दिवसच लागायचा. शनिवार होता. तीनला आपल्या टीमची फुटबॉलची मॅच होती. दुसऱ्याचं घर असतं तर मालकाच्या भीतीनं धुतल्या असत्या. आपलं घर, कोण विचारणार! ठोकलं 'होय'."

"जिंकले का?" ट्रेसीनं विचारलं.

"हरले. तीन-शून्य."

नोरीन आत आली आणि खुर्चीला धरून उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"तो मागच्या खोलीतला रेडिएटर खाली गार असतो, हे मी किती वेळा सांगितलं तुला?"

"नोरीन..."

"किती वेळा? तिथे बसून मी लोकांचे पडदे शिवले. पायांवर घोंगडी घेऊन. तू म्हणायचास, उष्णता वर चढते, निसर्गाचा नियम आहे, तुला काय कळतंय. मला वाटलं, असेल. माझा नवरा त्यातलाच आहे. मला वाटलं, माझेच पाय गार पडतात वयानं."

श्वास पुरेना म्हणून ती थांबली. छातीतली शिट्टी दोनदा वाजली. मग ती ट्रेसीकडे वळली. "कुठला बॉयलर चांगला?"

"ज्याचा सुटा भाग शनिवारी सकाळी इथल्या दुकानात मिळतो, तो. बाकी सगळी छापील पत्रकं. गावात असे दोन आहेत. त्यातला साधा घे, कमी बटणांचा."

"तो बसव. आणि काही विचारायचं झालं तर मला विचार. याला नको."

क्लिफर्ड उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. अडतीस वर्षांत असंख्य स्वयंपाकघरांत लोकांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं होतं, आणि तो मनातून त्यांना शिव्या घालत आला होता. शहाणे होते साले.

गुरुवारी ट्रेसी नळ्या धुवायचं यंत्र घेऊन आली. दिवसभर नळ्यांतून पाणी ढकललं जात होतं, आणि अंगणातल्या गटाराच्या जाळीवर आधी काळं, मग चहाच्या रंगाचं, मग गढूळ पाणी पडत होतं. क्लिफर्ड टोपी घालून त्या जाळीपाशी उभा होता. त्याला कुणी उभं केलेलं नव्हतं आणि कुणी आतही बोलावलं नाही. तिसऱ्या प्रहरी पाणी स्वच्छ झालं. तरी ट्रेसीनं यंत्र आणखी अर्धा तास चालू ठेवलं. तो घड्याळ बघत होता, त्याला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी नवा बॉयलर भिंतीवर चढला. ट्रेसी मीटरच्या कपाटापुढे कण्हत गुडघ्यावर बसली. गॅस कुठे गळत नाही ना, हे पाहायला तिनं वाकलेली काचेची नळी जोडली. नळीत पाणी होतं. दोन मिनिटं ते खाली यायला नको.

"ए राजा," तिनं हाक मारली. "माझा चष्मा व्हॅनमधे राहिला. तू बघ. हललं तर सांग."

चष्मा तिच्या केसांत खोचलेला होता. क्लिफर्डला तो दिसला. तरी तो वाकला आणि पाण्याच्या रेघेच्या बरोबर समोर डोळा आणला. नळीला धक्का लागू नये म्हणून त्यानं उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं मनगट गच्च धरलं.

नोरीन चहा घेऊन येत होती. पावलांनी जमीन हादरेल म्हणून त्यानं मान न वळवताच 'थांब' म्हटलं. ती दोन्ही हातांत कप घेऊन दारातच थांबली.

पाणी हललं नाही.

"झाली दोन मिनिटं," ट्रेसी म्हणाली.

"अजून एक होऊ दे," क्लिफर्ड म्हणाला, आणि तसाच वाकून राहिला.