सुटली

"सुटली एकदाची," घाम दंडानं पुसत रेबेका सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, आणि काळुरामनं तिच्या कानाखाली वाजवली.

सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. बायकोला, पुतळीला, कासूहून पेणला टेम्पोत घालून आणलं, तेव्हाच ती अर्धमेली झाली होती. त्याच्या घरात 'सुटली' हा शब्द शेवटचा आला होता तो आई गेली त्या दिवशी. सिस्टरनं तो 'बाळंत झाली' या अर्थानं वापरला, सगळं पेण वापरतं तसा. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा काळुरामचा हात अजून हवेतच होता. मुलगी झाली होती.

बाकावरचे लोक उठून त्याच्याकडे बघू लागले. मिठागरावर भल्याभल्यांना गप्प करणारा काळुराम, पण आता त्याला तोंड लपवायला जागा सापडेना.

प्रसूतिगृहाचे मालक डॉक्टर देवस्थळी कोटाला काळी फीत लावूनच बाहेर आले. रोह्याला एका दवाखान्यात पेशंटच्या माणसांनी मोडतोड केली होती, तेव्हापासून तालुक्यातले डॉक्टर आणि नर्सेस फिती लावून काम करत होते.

"सरकारी नर्सवर हात टाकला असतास तर केव्हाच आत गेला असतास," ते म्हणाले. "आमच्या माणसांसाठीचा कायदा नुसता कागदावर आहे. तो कडक करा म्हणायला गेलो की सरकार विचारतं, तक्रारी कुठे आहेत? आणि तक्रार द्यायला कुणी पुढे येत नाही."

काळुराम सिस्टरच्या पायांशी वाकला. ती मागे सरकली.

"चूक झाली, बाई. मला वाटलं, पुतळी गेली."

"आणि गेली असती तर मारायचं होतं?"

हा प्रश्न काळुरामच्या डोक्यातच आला नव्हता, आणि तो आला नव्हता याचीच त्याला आता लाज वाटली.

"तक्रार मी देणार आहे," ती म्हणाली. "ड्युटी संपली की चौकीत जाते. तोवर तिला काही सांगू नका. ओली बाळंतीण आहे, धसका घेईल."

संध्याकाळी तो पुतळीजवळ बसला होता. रेबेका नाडी बघायला आली. तिच्या गोऱ्या गालावर वळ चांगले उमटले होते.

"गालाला काय झालं गो बाय?" पुतळीनं विचारलं.

"दार लागलं," रेबेका म्हणाली. काळुरामकडे तिनं पाहिलंही नाही. बाळाचं दुपटं नीट करून ती बाहेर गेली.

काळुरामनं रोखलेला श्वास सोडला. पुतळी मात्र सिस्टर गेली त्या दिशेला बघत होती.

"नवरा मारत आसंल बिचारीला," ती हळूच म्हणाली.

"ती म्हणली ना, दार लागलं."

"दाराला बोटं आसतात व्हय?" पुतळी म्हणाली. "मी पन शेजारच्या जनीला दारच सांगते."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती लेकीची मिटलेली मूठ उघडून बघत होती, बोटं मोजत होती. मग तिनं बाळ उचलून त्याच्यापुढे धरलं.

"घ्या की तिला."

काळुरामला हात पुढे करवेना.