हवालदाराची मंडळी

"मीठ घातलंत? सिस्टर, मीठ?" फिशटँकच्या दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"थोडंसंच," सिस्टर पुटपुटल्या. "मलूल दिसत होते हो. म्हटलं, जरा तरतरी येईल."

"अहो, या मिशाळ माशांना खवले नसतात! मीठ सोसतच नाही त्यांना."

सिस्टरांचा उभा जन्म वॉर्डात गेला होता. माणूस मलूल दिसला की लाव सलाइन, हे हातात इतकं मुरलेलं, की डोक्याला विचारायची गरजच पडत नसे. त्याच हाताने घात केला. दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळे वाळूवर आडवे! एकटा हवालदार तेवढा फिल्टरच्या मागे धापा टाकत होता.

हवालदार हे नाव भाचीने ठेवलेलं. परगावी नोकरी लागली तेव्हा तिने टँक मावशीच्या गळ्यात घातला आणि सगळ्यांत झुबकेदार मिशांच्या माशावर बोट ठेवून बजावलं, "मावशी, हा हवालदार. याला सांभाळ, बाकीचे याच्या मागे मागे राहतात." सिस्टरांना खरं तर मासेबिसे म्हणजे नसती ब्याद वाटायची. पण दर रविवारी भाचीचा व्हिडिओ फोन येऊ लागला. "काय म्हणते हवालदाराची मंडळी?" मग काय, सिस्टरांना आठवडाभर उद्योगच लागला. आज हवालदार रुसला, आज खाण्याच्या गोळीवरून मारामारी झाली, धाकटा वाळूत तोंड खुपसून बसला, सगळं लक्षात ठेवायचं आणि रविवारी तिखटमीठ लावून सांगायचं. हल्ली भाची 'मासे कसे आहेत?' एवढंच विचारायची आणि नुसतं 'हं, हं' करायची; तरी सांगायला काही असलं की फोन लांबतो. नाहीतर 'जेवलीस का' आणि 'ठेवू का' यांच्यामध्ये असतं काय? मासे यायच्या आधी कधीमधी येणारे ते फोन सिस्टर विसरल्या नव्हत्या.

आता मंडळीच गेली. भाची विचारणार कुणाबद्दल?

"अगदी तसेच द्या," त्या म्हणाल्या. "तपकिरी."

"तपकिरी संपले. हे ठिपकेवाले घ्या. भाऊबंदच आहेत त्यांचे."

"ओळखू येतील की!"

"कुणाला?"

सिस्टरांनी पर्स उघडली. दुकानदाराने जाळी पाण्यात घातली. "त्या जुन्याला मात्र एकटं ठेवू नका. एकटा पडला की हा मासा खाणं सोडतो, कोपरा धरतो. वरून बघाल तर काही झालेलं नसतं, पण खंगत जातो."

"माहिती आहे मला," सिस्टर म्हणाल्या आणि उगाचच पदर सारखा केला.

रविवार उजाडेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता. भाची विचारणारच. थापही तयार करून ठेवली होती: "अगं, वय झालं की ठिपके येतात. माझे हात बघ की!" आरशासमोर म्हणूनही पाहिली. बऱ्यापैकी जमत होती.

फोन आला. सिस्टरांनी तो टँकसमोर धरला.

"अय्या, मस्त दिसतायत गं!" भाची म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "आले, आले! छान ठेवलंयस हं, मावशी."

ठिपक्यांबद्दल चकार शब्द नाही. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. पण सिस्टरांना राहवलं नाही. "आणि हा बघ, फिल्टरमागे. हवालदार."

"कोण हवालदार?"

सिस्टरांनी फोन काचेच्या आणखी जवळ नेला. "मासा गं. तो मिशीवाला."

"तू त्यांना नावंसुद्धा ठेवलीस?" भाची खळखळून हसली. "कमाल आहे तुझी! बरं, जेवलीस का?"

"जेवले."

"ठेवू मग?"

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं झालं. आपली चोरी पकडली गेली नाही याचं माणसाला इतकं वाईट वाटू शकतं, हे सिस्टरांना ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले, आणि काचेवर टिचकी मारून वॉर्डातल्या आवाजात दटावलं, "चला, बाहेर या. असं कोपऱ्यात पडून राहायचं नाही. या बघू."

बऱ्याच वेळाने हवालदार बाहेर आला. ठिपकेवाल्यांच्या जवळ, पण फार जवळ नाही, असा वाळूवर टेकला आणि मिशा हलवून काहीतरी शोधू लागला.

सिस्टरांनी आत जाऊन पान वाढून आणलं, खुर्ची टँकसमोर ओढली आणि जेवायला बसल्या.