डाव्या हातात मी होतो

मी एक जुना टाइपरायटर आहे. ड्रेस्डेनच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि हॅम्बर्गचे कवी डेटलेफ हार्मसेन यांनी मला विकत घेतले. ते सांगत आणि त्यांची बायको इर्मगार्ड माझ्या कळा बडवी.

मित्रांनो, ते एकच गोष्ट लिहीत. जगाचा अंत. मनोरे कोसळत, नद्या पेटत, आकाशातून रक्त गळे. त्या काळी आमच्याकडे हे फार चाले. कविता ऐकून तरुण पोरे टेबलांवर चढून टाळ्या पिटत. सडलेले सारे जळून जाऊ दे, मग नवा माणूस उगवेल, असे त्यांना मनापासून वाटे. खरे सांगतो, मलाही वाटे. कोपऱ्यावरची पाववाली क्रोगरबाई मात्र कवींना दारातच गाठी.

"काय कविमहाराज, आज कुठलं गाव जाळलंत?"

"आज आपलंच."

"मग माझं दुकान तेवढं वगळा. उद्याचं पीठ मळून ठेवलंय."

पुढे राज्यकर्ते बदलले आणि कवींच्या पुस्तकांवर बंदी आली. तरी ते घरात लिहीतच राहिले. त्याच काळात त्यांची मुलगी गेशे जन्मली. ती स्टुलावर चढून माझी घंटी वाजवून पळे. बाबांनी तिच्याकडे कधी नीट पाहिले नाही. ते मनातल्या मनात जग बुडवत असत.

त्रेचाळीस सालच्या जुलैत बॉम्ब टाकणारी विमाने आली आणि आम्ही तळघरात लपलो. तळघरात धूर भरला तेव्हा सगळे रस्त्यावर धावले. डांबर वितळले होते आणि त्यात रुतलेली माणसे उभ्याउभ्या पेटत होती. वारा मोठमोठी झाडे उपटून आगीकडे ओढत होता. क्रोगरबाई आमच्यासमोर कोसळली आणि उठली नाही. इर्मगार्ड पुढे होती, जळत्या फळ्या हातांनी बाजूला सारत. मागे डेटलेफ. त्यांच्या उजव्या हातात गेशेचा हात, डाव्या हातात माझी पेटी आणि पेटीत त्यांच्या नव्या कविता. पुलापाशी वाऱ्याने त्यांचे पाय उचलले. कठडा धरायला एक हात मोकळा हवा होता. त्यांनी उजवा मोकळा केला.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका शाळेत होतो. हरवलेल्यांच्या चिठ्ठ्या तिथल्या भिंतीवर लावत होते. इर्मगार्डचे दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेले होते. म्हणून आता ती सांगू लागली आणि ते एका बोटाने लिहू लागले.

"गेशे हार्मसेन. वय नऊ."

त्यांनी पुढे लिहिले, 'ज्वालांच्या महासागरात'.

"ते खोड. उंची लिही."

उंची त्यांना माहीत नव्हती. डोळ्यांचा रंगही तिला विचारावा लागला.

"कशी सुटली रे ती?"

"कठडा धरायचा होता."

"आणि दुसऱ्या हातात काय होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मला तेव्हा गंजून मातीत जावेसे वाटले.

"लिही," ती म्हणाली. "पुलाजवळ वडिलांनी हात सोडला. एवढंच लिही."

त्यांनी लिहिले. चिठ्ठी महिनाभर भिंतीवर होती. गेशेबद्दल सांगायला कोणी आले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे शेवटी एवढेच मागतात, की आम्हाला जपा. मी ते मागणार नाही. आग लागली तर मला टाका, कागदांसकट टाका, आणि हातात ज्याचा हात असेल तो घट्ट धरा.