निळा झगा कोणी सुचवला?

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, पण मला हात लावून पाहता येणार नाही. मार्गिलान शहरातल्या सनोबर आपांचे कापडाचे दुकान आहे. त्या दुकानाच्या वेबसाइटच्या पोटात माझा मुक्काम असतो. तुम्ही एखादी वस्तू बघू लागलात की "हे घेणारे हेही घेतात" अशी ओळ खाली येते ना? ती मी काढून देतो.

मला घडवले आपांच्या धाकट्या भावाने, बोतीरने. त्याने मला फक्त विक्रीचे क्रमांक खाऊ घातले. कोणत्या क्रमांकासोबत कोणता क्रमांक गेला, एवढेच मला ठाऊक. रेशीम म्हणजे काय, रजई म्हणजे काय, मला विचारू नका. वस्तूचे नाव काय, कापड कोणते, ती कोणत्या प्रसंगाची, हे सारे दुकानाकडे नीट भरलेले होते. ती माहिती माझ्या उत्तराला जोडायची तेवढी राहिली होती.

"अरे, खाली नाव तरी येऊ दे!" आपा म्हणत.

"करतो गं आपा. फोटो आहे की! विक्री वाढतेय ना?"

वाढत होती खरी. माझे कौतुक होत होते आणि त्या कौतुकात काम मागे पडले.

वसंतात आमच्या गिऱ्हाईक ओयनिसा खालांच्या मुलाचे लग्न ठरले. भाकरी मोडून सोयरीक पक्की झाली. वधूच्या पायाखाली अंथरायला खालांनी आमच्याकडचे पांढरे कापड निवडले. ते कापड मयतालाही लागते, आणि मयताची खरेदी करणारे बहुधा सोबत शोकाचा निळा झगा नेतात. मला क्रमांक दिसला, मी क्रमांक दिला. पडद्यावर घडी घातलेल्या झग्याचा नखाएवढा फोटो आला. खाला घाईत होत्या. लोक घेतात तर आपणही घ्यावे, असे म्हणून त्यांनी बटण दाबले.

दुकानात माणसांनी कामाच्या रेट्यात क्रमांक जुळवले आणि आहेराचे गाठोडे बांधले. आमच्याकडे लग्नाचे बांधलेले गाठोडे वाटेत सोडत नाहीत, अपशकुन होतो. म्हणून खालांनीही ते उघडले नाही. ते सुटले ते थेट वधूच्या घरी, सगळ्या बायकांसमोर.

"अगं बाई! आमच्या दारात मौत धाडली!" वधूची आत्या खोसियत कडाडली.

दुसऱ्या दिवशी खालांकडे अख्खी भाकरी परत आली, म्हणजे सोयरीक मोडली. तिकडे वधू मस्तुरा दार लावून रडत होती, इकडे नवरदेव जेवेना.

मग आपा, बोतीर आणि खाला वधूच्या घरी, खोसियतसमोर जाऊन उभे राहिले.

"खालांचा दोष नाही हो," बोतीर म्हणाला. "यंत्राला काय कळतं, लग्न कुठलं नि मयत कुठलं!"

"वा रे शहाण्या! मग बटण काय यंत्राने दाबलं?"

"मी नवा आहेर देते, याच्या दुप्पट," आपा मध्ये पडल्या.

"इथे दुकान मांडू नका."

तेव्हा खाला पुढे झाल्या. "बटण मी दाबलं, खोसियत. पोटच्या पोराच्या लग्नाचा आहेर, आणि मी धड बघितलंही नाही. ही बाई आमच्या पोरीकडे तरी नीट बघेल का, असं तुला वाटलं असेल. ते बरोबरच आहे." एवढे बोलून त्या रडू लागल्या.

खोसियत म्हणाली, "हेच ऐकायचं होतं गं मला. आल्यापासून जो तो यंत्राचंच पुराण लावतोय." मग तिने आत तोंड करून हाक मारली, "मस्तुरा, दार उघड आणि तुझ्या सासूला चहा ओत."

त्याच आठवड्यात बोतीरने राहिलेली माहिती जोडली. आता माझ्या प्रत्येक क्रमांकापुढे नाव, कापड आणि प्रसंग दिसतो, आणि लग्नाच्या खरेदीखाली शोकाचे काही येत नाही. मला त्याचे सुखदुःख नाही. मी आजही क्रमांकच देतो.

पण मित्रांनो, एक विनंती करतो. मी सुचवलेले घेण्याआधी खाली काय लिहिले आहे ते वाचत जा. मला सोयरे नाहीत. तुम्हाला आहेत.