पांघरुणाखालचा हात

एंजल इन्व्हेस्टर म्हणजे नव्या धंद्यात स्वतःचे पैसे घालून हिस्सा घेणारा माणूस, हे ताईने धाकट्या दिराला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तो हसला होता. "म्हणजे देवदूत? देवदूत कधी टक्केवारी विचारतात का, वहिनी?" आज मात्र तोच दीर सातव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, लग्नात शिवलेला कोट घालून, समोरच्या पाण्याला हातही न लावता बसला होता. कोटाची बटणं आता लागत नव्हती.

ताई चौदा वर्षं डायलिसिसची टेक्निशियन. माणसाचं रक्त बाहेर काढायचं, यंत्रातून गाळायचं आणि परत शरीरात सोडायचं, हे तिचं रोजचं काम. पेशंटच्या हातात दोन सुया असतात. एकीतून रक्त जातं, दुसरीतून परत येतं. ही परत येणारी सुई निसटली तर यंत्राला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. ते आपलं इमानेइतबारे रक्त ढकलत राहतं आणि शिरेत जायचं रक्त गादीत मुरत जातं. पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

यावर काहीतरी करा, असं तिने दिराला सांगितलं होतं. त्याचं टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हल्ली लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, नवा आणतात, त्यामुळे दिराकडे वेळच वेळ होता. दोन वर्षं खपून त्याने काडेपेटीएवढी चिमटी बनवली. सुईवरच्या पट्टीला ती लावायची. पट्टीला रक्त लागलं की चिमटी ओरडायची आणि तिच्यावरचा तांबडा दिवा लागायचा. घामाने ओली झाली तर मात्र गप्प राहायची. ते घामाचं जमवताना अकरा नमुने कचऱ्यात गेले होते.

ताईचा नवरा, म्हणजे या दिराचा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला होता, "तुझा पगार यात घाल, घर माझ्या पगारावर ओढूनताणून चालवू. पण उद्या काही बिनसलं तर दिरा-भावजयीत भांडण नको."

टेबलाच्या पलीकडे तिघं होती. मधोमध पंपवाले काका. यांनी आयुष्यभर पाण्याचे पंप बनवले, मग कारखाना विकला आणि आता नव्या धंद्यांत पैसे घालत होते. त्यांच्या डावीकडे एक वकील, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. उजवीकडे मूत्रपिंडांच्या डॉक्टर, पांढऱ्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या. पहिली भेट छान झाली होती. आज पैसे द्यायचे की नाही, हे ठरायचं होतं.

दिराने टेबलावर रबरी हात ठेवला, पट्टी बांधली, चिमटी लावली आणि आधी मिठाचं पाणी सोडलं. चिमटी गप्प. मग रक्तासारखं द्रावण सोडलं. चिमटी अशी किंचाळली की बाहेरच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पंपवाले काका खूश झाले. "वा. आमच्या पंपांना असं काही असतं तर मी दोन वर्षं आधीच श्रीमंत झालो असतो."

सगळे हसले. वकिलाने गठ्ठ्यातला एक कागद काकांच्या पुढ्यात सरकवला. काकांनी चष्मा चढवला आणि त्यांचं हसू ओसरत गेलं.

"ताई, एक विचारायचं होतं. अडीच वर्षांपूर्वी तुमच्या पाळीत एक पेशंट गेला, खरं का?"

दीर तिच्याकडे बघत होता, हे तिला न बघताही कळलं. दिराला तिने सांगितलं होतं की असा अपघात दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णालयात झाल्याचं तिच्या कानावर आलंय.

"खरं आहे," ती म्हणाली. "चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त. सुई निसटली होती."

"चौकशीत तुमचा दोष निघाला नाही, असं इथे लिहिलंय. मग पहिल्या भेटीत का नाही सांगितलं?"

"सांगायला हवं होतं."

"बरं." काका वकिलाकडे वळले. प्रकरण इथेच मिटेल असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मला एक कळत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "डायलिसिस चालू असताना सुईचा हात उघडा ठेवायचा असतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे. हात उघडा असता तर रक्त आठ पावलांवरूनही दिसलं असतं. मग दिसलं कसं नाही?"

याचं उत्तर चौकशीच्या कागदात होतं. पेशंटने स्वतःच पांघरूण हातावर ओढून घेतलं. ते वाक्य ताईच्या जिभेवर तयार होतं. अडीच वर्षांत तिने ते इतक्यांदा म्हटलं होतं की कधीकधी तिलाही ते खरं वाटायचं. मास्तर काही सांगायला येणार नव्हते. एवढं एक वाक्य म्हटलं की काम झालं असतं.

"पांघरूण मी घातलं," ताई म्हणाली.

मग तिने सगळंच सांगितलं.

"त्या दिवशी आठ यंत्रं होती आणि मी एकटी. जोडीदारीण रजेवर. मास्तरांना थंडी वाजत होती. म्हणाले, हात गारठलाय गं, जरा झाक. मी म्हटलं, पाच मिनिटं फक्त. हातावर पांघरूण घातलं, कडेने खोचलं सुद्धा. तेवढ्यात पलीकडचं यंत्र वाजलं. तिकडे गेले ती अडकले. परत आले तेव्हा फरशीवर थेंब पडत होते."

"चौकशीत हे सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. त्यांनीच ओढून घेतलं, असं सांगितलं."

वकिलाने काहीतरी लिहून घेतलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता? मला यांच्याशी बोलायचंय." 'यांच्याशी' म्हणताना त्यांनी दिराकडे मान हलवली.

बाहेर एक लांबट बाक होता. काचेच्या दाराला मधोमध पांढुरका पट्टा होता, त्यामुळे आतली तोंडं दिसत नव्हती, फक्त पाय दिसत होते. काकांचे पाय पसरलेले, डॉक्टरांचे जुळवून ठेवलेले. दिराचे बूट सकाळी तिच्या नवऱ्याने चमकवून दिले होते. डावा बूट सारखा हलत होता. ताई त्या बुटाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तो हलायचा थांबला आणि तिला जास्तच भीती वाटली. आत काय चाललंय हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. जे यंत्र विकायला रुग्णालयांची दारं ठोठावायची, त्यावर असल्या बाईचं नाव कोण लावून घेईल?

दीर बाहेर आला. "चला," म्हणाला, आणि लिफ्टकडे न वळता सरळ जिन्याने उतरायला लागला.

"पैसे द्यायला तयार आहेत," तो पाठमोराच म्हणाला. "मागितले तेवढे सगळे. तुमचं नाव काढायचं. भागीदारीतून, कागदांवरून, सगळीकडून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"उद्या सांगतो म्हटलं."

ताईला वाटलं होतं, तो नाही म्हणून आला असेल. तसं वाटून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, हेही तिला वाटलं. "तुम्ही हो म्हणा, भावजी," ती म्हणाली. "दुकानाची काय अवस्था आहे ते मला माहीत आहे. मी मनाला लावून घेणार नाही."

तो थांबला आणि वळला. "पैसे मला हवेच आहेत, वहिनी. उगाच मोठेपणा करणार नाही. पण दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर स्टुलावर बसून होतात. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही हे बनवलं असतं का?"

"बनवलं असतं." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पण असं नसतं बनवलं."

त्याचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. सकाळी दिराचा फोन आला, दुकानात या म्हणून. तिथे टेबलावर रबरी हात होता आणि त्यावर घरातलं जाड पांघरूण, कडेने नीट खोचलेलं. दीर शाळेतल्या शिक्षकासारखा बाजूला उभा होता. "लक्ष देऊन ऐका," म्हणाला, आणि नळीतून द्रावण सोडलं.

काहीच ऐकू आलं नाही. ताईने कान पुढे केला. पांघरुणाच्या आतून पातेल्याखाली अडकलेल्या माशीसारखा बारीक आवाज येत होता. तांबडा दिवा तर दिसायचा प्रश्नच नव्हता. आठ यंत्रांच्या घरघरीत तो आवाज कुणालाही ऐकू गेला नसता.

"दोन वर्षं आपण उघड्या हातावर परीक्षा घेतोय," दीर म्हणाला. "तुम्हीच म्हणायचात, हात उघडाच असतो. मी दिवा आणि भोंगा दोन्ही चिमटीवरच बसवले. हे घेऊन आपण बाजारात जाणार होतो, वहिनी. लोक यावर विसंबून राहिले असते."

ताई स्टुलावर बसली. आपण लपवलेली गोष्ट यंत्रात जाऊन बसली होती, हे तिच्या आता ध्यानात आलं.

"अशा आणखी काय काय गोष्टी आहेत?" दिराने वही उघडली. "नियमात एक आणि प्रत्यक्षात भलतंच, असं जे जे आहे ते सगळं सांगा. आता लाजायचं नाही."

ती सांगत गेली. पट्टी कमी पडली की दुसरं काहीही चिकटवतात. झोपेत पेशंट कूस बदलतात. पाळी बदलताना दहा मिनिटं कुणाचंच लक्ष नसतं. आवाजाचा त्रास होतो म्हणून भोंगे बंद करून ठेवतात. तिने स्वतःही ठेवले होते. दीर चार पानं लिहीत राहिला. दुपारी त्याने तिच्यासमोरच पंपवाल्या काकांना फोन लावला.

"काका, चिमटीत एक मोठी चूक सापडली. भोंगा वेगळा काढून डायलिसिसच्या यंत्राच्या खांबावर लावावा लागेल. निदान चार महिने जातील." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "नाही, त्यांचं नाव काढता येणार नाही. यंत्र मी बनवतो, पण ते कुठे दगा देईल हे त्यांनाच कळतं. बाहेर ठेवून कसं जमेल?"

फोन ठेवून तो म्हणाला, "पैसे गेले." मग बराच वेळ स्क्रूचे डबे लावत बसला. डबे आधीच लावलेले होते.

तीन दिवस दोघांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, तोही ताईला.

"पंपवाले पैसे घालणार नाहीत, ते तुम्हाला कळलंच असेल. मी माझ्यापुरती घालते. तुम्ही मागितलेल्यातला तिसरा हिस्सा, त्याहून जास्त माझ्याकडे नाही. माझ्या डायलिसिस युनिटमध्ये तीन महिने वापरून बघायचं. पण आधी तुमच्या रुग्णालयात जा आणि जे आमच्यासमोर बोललात ते लिहून द्या. सही करून. मग माझा चेक."

"माझी नोकरी जाईल, डॉक्टर."

"जाईल कदाचित." डॉक्टर पुढे म्हणाल्या, "माझ्या युनिटमध्ये अशा दोन घटना झाल्यात. चौकशीचे दोन्ही कागद बिनचूक आहेत. ते वाचून कुणालाच काही शिकता येणार नाही, इतके बिनचूक. तुमच्यासारखं सांगणारं मला कुणी भेटलं नाही."

त्या रात्री ताईने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सकाळी डबा भरताना सांगितलं. तो डब्याचं झाकण हातात धरून उभा राहिला. "आधी मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला. मग बस चुकेल म्हणून निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला. "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

ती एकटीच गेली. विभागप्रमुखांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "अहो, मिटलेलं प्रकरण. आता कशाला उकरताय?" तिने कागद परत घेतला नाही. सहा महिन्यांसाठी तिला पेशंटच्या कामावरून काढलं, साठ्याच्या खोलीत बसवलं, आणि महिन्याभरात तिने राजीनामा दिला. मास्तरांच्या मुलीला रुग्णालयाने पत्र पाठवलं. ताईनेही वेगळं पाठवलं. मुलीचं उत्तर कधीच आलं नाही.

भोंगा खांबावर गेला. चार महिन्यांचे सहा झाले. चिमटी आणि भोंगा असलेली वीस यंत्रं डॉक्टरांच्या युनिटमध्ये लागली. पहिल्या आठवड्यात ती इतक्यांदा उगाचच वाजली की तिथल्या नर्सेस ताईला बघून तोंड फिरवायला लागल्या. दीर रोज एकेक यंत्र उघडून बसायचा. वहिनीशी कामापुरतं बोलायचा. हळूहळू कामाबाहेरचंही बोलायला लागला.

सातव्या आठवड्यात, दुपारी, दुकानात ताईचा फोन वाजला. डॉक्टर होत्या. ताई नुसतं "हं, हं" करत ऐकत राहिली आणि फोन ठेवून दिराकडे वळली.

"काय झालं?" दिराने विचारलं.

"सुई खरंच निसटली. म्हाताऱ्या बाई आहेत, शालीखाली हात होता. भोंगा वाजला, नर्स धावली. कपभर रक्तही गेलं नाही. बाई चहा मागतायत."

दिराने खुर्ची पुढे ओढून दिवा लावला.

"किती सेकंदांत वाजला?"

"बारा म्हणाल्या."

"बारा फार होतात," तो म्हणाला, आणि त्याने टेबलावरचं यंत्र उघडायला घेतलं.